फ्लोरेन्झ झीगफेल्ड : एका नाट्यनिर्मात्याची कारकीर्द

नाटककाराच्या मागे त्याचे नाटक उरते, संगीतकाराच्या मागे त्याच्या चाली उरतात, आणि नट थोर असेल तर निदान त्याच्या नावाभोवती आख्यायिका तरी गोळा होतात. परंतु ज्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही, एक चाल बांधली नाही, किंवा तोंडाला रंग लावून जो कधी प्रेक्षकांपुढे उभा राहिला नाही, अशा नाट्यनिर्मात्याच्या मागे काय उरते? पडदे विरतात, पोशाख जुन्या बाजारात जातात, रंगमंदिरे पाडली जातात, आणि हिशेबाच्या वह्यांत बहुधा कर्जाचेच आकडे शिल्लक राहतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ज्याच्या नावाचा दबदबा होता, त्या फ्लोरेन्झ झीगफेल्ड या गृहस्थाच्या चरित्राकडे पाहताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. त्याचे ‘फॉलीज’ नावाचे खेळ १९०७ साली सुरू झाले आणि १९३१ साली त्याच्या हयातीतला शेवटचा खेळ झाला. या पाव शतकात ऐश्वर्य कसे दिसते हे अमेरिकेतील शहरी माणूस त्याच्या रंगभूमीवर पाहत होता.

झीगफेल्डचा जन्म २१ मार्च १८६७ रोजी शिकागो शहरी झाला. त्याचे वडील जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले, शास्त्रीय संगीताचे कडवे उपासक. मुलाच्या जन्माच्याच वर्षी त्यांनी शिकागोत एक संगीत विद्यालय स्थापन केले, आणि पुढे ते त्या नगरातील मान्यवर विद्यालयांत गणले जाऊ लागले. घरात सकाळ-संध्याकाळ पियानो आणि जर्मन संगीतकारांची चर्चा. पण मुलाचे चित्त तिकडे नव्हते. त्याला सर्कस, जत्रा, जाहिरातीचे रंगीत कागद आणि लोकांची गर्दी यांचे विलक्षण आकर्षण होते. पित्याने आयुष्यभर लोकांचे कान तयार करण्याचा उद्योग केला. मुलाने लोकांचे डोळे दिपवण्याचा उद्योग पत्करला.

या उद्योगाचा आरंभ १८९३ साली झाला. त्या वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांना उत्तम संगीत ऐकवावे या हेतूने वडिलांनी ‘ट्रॉकाडेरो’ नावाचे एक करमणूकगृह उघडले. उत्तम संगीताला गर्दी होईना. तोटा वाढू लागला. तेव्हा मुलाने न्यूयॉर्कहून एक बलवान पुरुष आणला. त्याचे नाव युजेन सँडो. बिनबाह्यांच्या गंजीफ्रॉकाला आपल्याकडे आजही ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा सँडो. पुढे १९०४-०५ च्या सुमारास त्याने हिंदुस्थानचाही दौरा केला होता, आणि येथील व्यायामप्रेमी तरुणांत त्याचे नाव घरोघरी झाले होते. पण १८९३ साली तो अमेरिकेत नवखा होता. जड वजने उचलणारे पहिलवान शिकागोच्या लोकांनी पुष्कळ पाहिले होते. झीगफेल्डने हेरले ते एवढेच की, सँडोने किती वजन उचलले यापेक्षा सँडो दिसतो कसा याकडे लोकांचे लक्ष अधिक आहे. त्याने त्याचे अंग शक्य तितके उघडे ठेवले, त्याच्यावर प्रकाश पाडला, आणि खेळ संपल्यावर शहरातील प्रतिष्ठित स्त्रियांना आत जाऊन त्याच्या दंडाचे स्नायू हाताने चाचपून पाहण्याची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी सर्व शहरात तीच वार्ता! ट्रॉकाडेरोचा तोटा भरून निघाला.

या यशाने तो थोडा बेभानही झाला. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याने सँडोची सिंहाशी झुंज जाहीर केली. हजारो लोक जमले. सिंहाच्या तोंडाला मुसके आणि पंजांना पिशव्या बांधलेल्या. आणि तो बिचारा प्राणी लढण्याच्या मनःस्थितीत मुळीच नव्हता. प्रेक्षकांनी फसवणूक झाल्याचा गिल्ला केला. जाहिरातीने लोकांना एकदा दारापर्यंत आणता येते. आत गेल्यावर जाहिरातीच्या तोडीचे काही दिसले नाही तर तेच लोक शत्रू होतात, हा धडा त्याला येथे मिळाला. पुढील आयुष्यात त्याने जाहिरात कमी केली नाही. पण पडद्यामागचा माल जाहिरातीहून भारी असावा याची काळजी मात्र तो घेऊ लागला.

१८९६ साली लंडनमध्ये त्याने अ‍ॅना हेल्ड या गायिकेला पाहिले. ती वॉर्सा येथे जन्मलेली, पॅरिस आणि लंडन येथे वाढलेली. आवाज बेताचा, परंतु डोळ्यांची फेक आणि बोलण्यातील फ्रेंच लाडिकपणा यांची मोहिनी विलक्षण. झीगफेल्डने तिला न्यूयॉर्कला आणले आणि ती दररोज दुधाने स्नान करते अशी बातमी वृत्तपत्रांत पेरून दिली. नुसत्या बातमीवर लोक किती दिवस विश्वास ठेवणार? म्हणून एका दूधवाल्याने तिच्यावर बिलाच्या पैशांसाठी दावा लावल्याचे, आणि दूध नासके निघाल्यामुळे बाईंनी पैसे देण्याचे नाकारल्याचेही छापून आले. सगळा प्रकार बनावट होता. पण तो खोटा ठरेपर्यंत अ‍ॅना हेल्डचे नाव देशभर झाले होते. दोघे पतिपत्नी म्हणून राहू लागले, आणि पुढली दहा वर्षे झीगफेल्डने तिच्यासाठी एकामागून एक संगीत नाटके उभी केली. तिची कीर्ती त्याने वाढविली हे खरे. पण त्याच्या आयुष्याला वळण लावणारी कल्पना तिची होती. पॅरिसमध्ये ‘फोली बर्जेर’ येथे जसे खेळ होतात तसे न्यूयॉर्कला का करू नयेत, असे तिने सुचविले. ती कल्पना त्याने उचलली, आणि पुढे ती सुचविणारी बाई मागे पडली. १९१८ साली अ‍ॅना हेल्डचे निधन झाले. तत्पूर्वी काही वर्षे दोघांचा विच्छेद झालेला होता.

ज्या प्रकारच्या खेळांमुळे झीगफेल्डचे नाव झाले, त्यांना ‘रेव्ह्यू’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ आढावा. सरत्या वर्षात शहरात काय काय घडले, कोणते पुढारी गाजले, कोणत्या फॅशनचे खूळ माजले, या सर्वांची चेष्टा करीत घेतलेला आढावा असे या खेळाचे मूळचे स्वरूप. आपल्याकडील बतावणीत चालू गोष्टींवर जशा कोपरखळ्या मारतात, तसाच हा प्रकार. मात्र त्याला गाणी, समूहनृत्ये, प्रहसने आणि देखावे यांची जोड असते. आदिपासून अंतापर्यंत चालणारे कथानक त्यात नसते. त्यामुळे असा खेळ बांधून ठेवण्याचे काम कथा करीत नाही, ते निर्मात्याच्या रुचीला करावे लागते. कोणत्या गाण्यामागून कोणती नक्कल यावी, हशा कोठे पिकावा, डोळे कोठे दिपावेत, आणि रसिकांना दमण्यापूर्वी विसावा कोठे द्यावा, हे सारे तोच ठरवितो. अमेरिकेत १८९४ पासून असे खेळ होत होते. झीगफेल्डने तो प्रकार शोधून काढला नाही. परंतु त्याला दिमाख आणि वार्षिक उत्सवाची प्रतिष्ठा आणून दिली.

पहिला खेळ ८ जुलै १९०७ रोजी झाला. त्या काळी यंत्राने हवा थंड करण्याची सोय रंगमंदिरांत नव्हती, आणि न्यूयॉर्कचा उन्हाळा असह्य. बहुतेक नाटकगृहे उन्हाळ्यात बंद ठेवीत. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर मात्र हलकेफुलके खेळ चालत. अशाच एका गच्चीला ‘पॅरिसचा बगीचा’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव देऊन झीगफेल्डने तेथे ‘फॉलीज ऑफ १९०७’ हा खेळ लावला. ‘फॉलीज’ म्हणजे वेडेपणाचे चाळे. पैसा क्लॉ आणि अर्लँगर या बड्या नाट्यव्यवसायिकांचा. एकूण खर्च सुमारे १३,००० डॉलर. आणि झीगफेल्ड आठवड्याला २०० डॉलरचा पगारी चालक! खेळ लोकांना आवडला, आणि तेव्हापासून दर वर्षी नवा खेळ असा क्रम १९२४ पर्यंत अखंड चालला. १९११ पासून ‘फॉलीज’ या शब्दामागे झीगफेल्डचे नाव लागले. १९१३ साली हा खेळ गच्चीवरून खाली उतरून बेचाळिसाव्या रस्त्यावरील ‘न्यू अ‍ॅम्स्टरडॅम’ या भव्य नाट्यगृहात आला.

झीगफेल्डच्या कामाची खरी ओळख १९१५ पासून पटते. त्या वर्षी त्याने जोसेफ अर्बन या व्हिएन्नाच्या स्थापत्यविशारदाला नेपथ्याच्या कामावर आणले. तोपर्यंत पडदे उभे टांगून, मोठ्या कुंचल्याने सपाट रंगवीत. अर्बनने कापड जमिनीवर पसरले आणि निरनिराळ्या रंगांचे लहान लहान ठिपके एकमेकांशेजारी दिले. वरून निळा प्रकाश पडला की त्यातील एक रंग उठून दिसे, तांबडा पडला की दुसरा. एकच पडदा पहाटही दाखवी आणि सायंकाळही. पोशाखांसाठी लंडनच्या लेडी डफ गॉर्डन यांच्यासारख्या नामांकित वेषकारांना बोलाविले गेले. नेड वेबर्न या नृत्यशिक्षकाने जिन्यावरून उतरण्याची एक खास चाल बसविली. डोक्यावर वजनदार मुकुट, मागे लांब पायघोळ वस्त्र आणि समोर अरुंद पायऱ्या असताना खाली न पाहता उतरणे ही साधी गोष्ट नव्हे. पंचवीस-तीस तरुणी असा जिना उतरत, तेव्हा त्या काहीच करीत नसत, आणि तरी प्रेक्षक टाळ्या वाजवीत. असे सांगतात की, पोशाखाचे आतले अस्तरही अस्सल रेशमाचेच हवे असा झीगफेल्डचा आग्रह असे. अस्तर दिसते कोणाला, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर असे की, ते अंगावर घालणारीला जाणवते आणि तिच्या चालण्यात उतरते.

या आग्रहाचे मोल अर्थातच डॉलरमध्ये मोजावे लागे. १३,००० डॉलरमध्ये जो खेळ उभा राहिला होता, त्याचा खर्च बारा वर्षांत लाखाच्या वर गेला. न आवडलेला देखावा, त्यावर कितीही पैसा ओतलेला असो, झीगफेल्ड आदल्या दिवशी काढून टाकी. समोर रंगभूमीवर उभ्या असलेल्या माणसालाही सूचना द्यायची तर तो प्रेक्षागृहातून लांबलचक तार पाठवी. सोंड वर केलेल्या हत्तींच्या मूर्ती शुभ आणि सोंड खाली असलेल्या अशुभ, अशी त्याची श्रद्धा होती. पहिल्या प्रकारच्या मूर्तींचा त्याने मोठा संग्रह केला होता. हिशेबावर मात्र त्याची श्रद्धा कधीच बसली नाही. आपल्याकडील संगीत नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटणार नाही.

येथे एका विसंगतीकडे लक्ष दिले पाहिजे. झीगफेल्डला विनोदाची फारशी गोडी नव्हती. विदूषकांचे प्रवेश म्हणजे मुलींना पोशाख बदलण्यास मिळालेली सवड, अशी त्याची दृष्टी होती असे त्याचे सहकारी सांगत. आणि तरीही अमेरिकेतील थोर विनोदी कलावंतांची जी मांदियाळी त्याच्या रंगभूमीवर जमली तशी दुसरीकडे क्वचितच जमली असेल. गुरे राखणाऱ्याच्या वेषात दोराचे फास फिरवीत त्या दिवसाच्या वृत्तपत्रावर टीका करणारा विल रॉजर्स. बिलियर्डच्या टेबलाशी झगडणारा डब्ल्यू. सी. फील्ड्स, डोळे गरगर फिरविणारा एडी कँटर, आणि फॅनी ब्राइस. ही ज्यू कुटुंबातील मुलगी १९१० साली या खेळात आली. ती रूढ अर्थाने सुंदर नव्हती. पण तिच्या एका चेहऱ्यावर दहा माणसे दिसत. १९२१ साली तिला एक करुण फ्रेंच गाणे इंग्रजीत म्हणावयाचे होते. तालमीला ती नटूनथटून आली. झीगफेल्डने तो थाट उतरवायला लावून तिला फाटक्या, मळक्या कपड्यांत रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी केली, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. आयुष्यभर रेशमाचा व्यापार करणाऱ्या या माणसाला रेशीम कोठे नको हेही कळत होते. ते गाणे ब्राइसच्या नावाशी कायमचे जोडले गेले.

याच १९१० साली बर्ट विल्यम्स हा कृष्णवर्णीय कलावंत ‘फॉलीज’मध्ये आला. त्याचा जन्म बहामा बेटांतील. गोऱ्या नटांच्या बरोबरीने, पहिल्या प्रतीच्या खेळात, एखाद्या कृष्णवर्णीयाने मानाच्या जागी काम करावे ही गोष्ट त्या काळच्या ब्रॉडवेवर अश्रुतपूर्व होती. मंडळीतील काही जणांनी काम सोडण्याची धमकी दिली. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या जागी मला दुसरा मिळेल, त्याच्या जागी मिळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर झीगफेल्डने दिले असे सांगतात. विल्यम्स राहिला, धमकी देणारेही राहिले. १९१९ पर्यंत तो या खेळांचा एक आधारस्तंभ होता. तरीही हा न्याय अर्धाच होता. विल्यम्सला मूळच्या सावळ्या तोंडावर जळक्या बुचाची काजळी फासूनच प्रेक्षकांपुढे यावे लागे, आणि ज्या गावोगावी खेळ जाई तेथील हॉटेलांची दारे त्याला बहुधा बंदच असत. झीगफेल्डने पुढे ‘अमेरिकन तरुणीचा गौरव’ हे ब्रीद आपल्या खेळाला लावले. त्या गौरवाच्या जिन्यावरून त्याच्या हयातीत कोणी कृष्णवर्णीय तरुणी उतरली नाही. त्याचे धाडस धंद्याच्या गरजेपर्यंत गेले आणि तेथेच थांबले.

वैभवाची किंमत नक्की कोण देतो, हा प्रश्न १९१९ च्या ऑगस्टमध्ये उघडपणे पुढे आला. त्या वर्षीचा ‘फॉलीज’ सर्वांत उत्कृष्ट होता, असे पुष्कळ जाणकारांचे मत आहे. त्याची गाणी अर्व्हिंग बर्लिनने रचली होती. परंतु नटांच्या संघाने त्याच वेळी संप पुकारला. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. आठवडेच्या आठवडे तालमी चालत, त्यांचा पगार नसे. जादा प्रयोगांचे पैसे नसत. खेळ परगावी बंद पडला तर घरी परतण्याचे भाडेही अनेकदा मिळत नसे. समूहातील मुलींना तर पुष्कळ ठिकाणी आपले जोडे आणि मोजेही पदरच्या पैशाने घ्यावे लागत. झीगफेल्ड मालकांच्या बाजूला उभा राहिला, आणि एडी कँटर आदी त्याचेच लाडके नट संपात उतरले. न्यू अ‍ॅम्स्टरडॅमचा पडदा त्या रात्री वर गेला नाही. बर्ट विल्यम्स नेहमीप्रमाणे नाट्यगृहात आला, रंग लावून, पोशाख करून बाहेर पडला, आणि समोर पाहतो तो सगळे प्रेक्षागृह रिकामे. संपाची वार्ता त्याला कोणी सांगितलीच नव्हती, कारण संघात त्याला जागा नव्हती. ही हकीगत पुढे फील्ड्सच्या कानी आली आणि त्याने विल्यम्सला संघाचे सभासद करून घेण्यासाठी खटपट केली. संप महिनाभर चालून सप्टेंबरात नटांच्या विजयाने संपला. त्या एका रात्रीच्या रिकाम्या प्रेक्षागृहात मालक आणि नट या दोन्ही पक्षांच्या न्यायबुद्धीची मर्यादा दिसून येते.

संपानंतरचे दशक झीगफेल्डच्या ऐश्वर्याचे. १९२० च्या डिसेंबरात त्याने ‘सॅली’ हे जेरोम कर्नच्या संगीताचे नाटक रंगभूमीवर आणले. मॅरिलिन मिलर या नर्तिकेने त्यात प्रमुख भूमिका केली, आणि त्याचे ५७० प्रयोग झाले. दुसरीकडे ‘फॉलीज’ला प्रतिस्पर्धी निर्माण झाले. त्याच्याच खेळात पूर्वी नाचलेल्या जॉर्ज व्हाइटने १९१९ पासून स्वतःचे रेव्ह्यू सुरू केले. १९२३ पासून अर्ल कॅरोलने अधिक उघडेवाघडे खेळ दाखवून गर्दी ओढली. डोळे दिपविण्याच्या धंद्यात हीच अडचण असते. प्रेक्षकाचे डोळे एकदा एका झगमगाटाला सरावले की पुढच्या वर्षी अधिक झगमगाट लागतो, आणि तो कोणालाही विकत घेता येतो.

२ फेब्रुवारी १९२७ रोजी झीगफेल्डचे स्वतःच्या नावाचे रंगमंदिर सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर उघडले. वृत्तपत्रांचा धनाढ्य मालक हर्स्ट याने पैसा पुरविला, आराखडा अर्बनचा. आतील प्रेक्षागृहाला कोपरे नव्हते. अंड्याच्या कवचाप्रमाणे सर्व भिंती एकमेकींत मिसळून गेल्या होत्या आणि त्यांवर एकच अखंड चित्र रंगविलेले होते. याच रंगमंदिरात २७ डिसेंबर १९२७ रोजी ‘शो बोट’ या नाटकाचा न्यूयॉर्कमधील पहिला प्रयोग झाला.

एडना फर्बर या लेखिकेची मूळ कादंबरी, पद्यरचना आणि संवाद ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे, संगीत कर्नचे. मिसिसिपी नदीवर फिरणाऱ्या एका तरंगत्या नाटकमंडळीची ही कथा. मंडळीतील एक नटी मिश्र रक्ताची आहे हे उघडकीस येते, आणि गोऱ्या माणसाशी झालेले तिचे लग्न कायद्याने गुन्हा ठरून तिला बाहेर पडावे लागते. नदीकाठी ओझी वाहणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचे गाणे त्यात आहे; दारूत बुडालेली स्त्री आहे; बायकोला सोडून जाणारा जुगारी नवरा आहे. जिथे केवळ हशा आणि झगमगाट चालावयाचा, तिथे संगीत नाटकाने देशाचे दुखणे उघडे केले होते. गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही समूह एकाच खेळात गात होते. पहिल्या रात्री प्रेक्षक फार शांत बसून होते. ती शांतता ऐकून झीगफेल्डने नाटक पडले असे समजून हाय खाल्ली, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटांच्या खिडकीपुढे रांग लागली होती. प्रेक्षक स्तब्ध झाले होते, एवढाच त्या शांततेचा अर्थ होता. टाळ्यांवर आयुष्य काढलेल्या या मनुष्याला प्रेक्षकांच्या मौनाची भाषा अपरिचित होती, यात नवल नाही. ‘शो बोट’चे ५७२ प्रयोग झाले. अमेरिकन संगीत नाटकाचे नवे युग या नाटकापासून मोजतात. आणि गाणे व कथा यांची अशी एकजीव गुंफण लोकांना आवडू लागल्यावर कथाहीन रेव्ह्यूचे दिवस भरत आले. आपल्या हाताने वाढविलेल्या कलाप्रकाराचा वारसदार झीगफेल्डने आपल्याच रंगमंदिरात जन्माला घातला.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. झीगफेल्डचे पैसे मोठ्या प्रमाणात त्या बाजारात होते. एका पाटीच्या बिलावरून चाललेल्या क्षुल्लक खटल्यासाठी तो त्या दिवशी कचेरीतील सर्व माणसांसह कोर्टात बसला होता, आणि दलालाचा टेलिफोन घेण्यास कचेरीत कोणी नव्हते, अशी आख्यायिका आहे. गोष्ट कशीही असो, त्याची संपत्ती गेली. त्यातच बोलपट आला. थोड्या पैशात, थंड हवेत बसून, मोठमोठे नट पाहण्याची सोय गल्लोगल्ली झाली. १९३१ च्या जुलैमध्ये त्याने आणखी एक ‘फॉलीज’ काढला. पण मंदीने गांजलेल्या शहरात तो जुना उत्साह नव्हता. १९३२ च्या वसंतात त्याच्या नावाचा रेव्ह्यू रेडिओवर सुरू झाला. ज्याने जन्मभर डोळ्यांची सेवा केली त्याच्यावर शेवटी फक्त कानांना रिझविण्याची वेळ आली. जिना नाही, रेशीम नाही, अर्बनचा प्रकाश नाही, केवळ आवाज. एका अर्थी संगीतशिक्षक पित्याच्या वाटेवर मुलगा अखेर येऊन पोहोचला, पण उशिरा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ‘शो बोट’ पुन्हा लावले. मजुराच्या भूमिकेत पॉल रोबसन गात होता, आणि त्या पडत्या काळातही नाटकाला प्रेक्षक मिळत होते.

२२ जुलै १९३२ रोजी लॉस एंजेलिस येथे छातीच्या विकाराने झीगफेल्डचा अंत झाला; वय ६५. त्याची पत्नी बिली बर्क ही स्वतः नामांकित नटी. १९१४ साली दोघांचा विवाह झाला होता. पतीच्या मागे तिच्या वाट्याला एक मुलगी आणि कर्जाचा डोंगर आला. ती चित्रपटांत काम करू लागली आणि देणी फेडीत राहिली. १९३९ सालच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातील भल्या चेटकिणीच्या भूमिकेत तिला जगभरच्या मुलांनी पाहिले. ‘फॉलीज’चे नाव वापरण्याचा हक्क शूबर्ट बंधूंकडे, म्हणजे झीगफेल्डच्या जन्माच्या प्रतिस्पर्ध्यांकडे गेला, आणि १९३४ साली त्यांनी त्याच नावाने खेळ केला. १९३६ साली त्याच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाला अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अ‍ॅकॅडमी पारितोषिक मिळाले; त्यात कर्जापेक्षा जिनाच अधिक दिसतो. त्याचे अंडाकृती रंगमंदिर १९६६ साली पाडण्यात आले. न्यू अ‍ॅम्स्टरडॅम मात्र अनेक वर्षे चित्रपटगृह म्हणून आणि नंतर ओसाड राहून १९९७ साली जीर्णोद्धार होऊन पुन्हा उघडले.

झीगफेल्डच्या कारकीर्दीचा जमाखर्च मांडावयाचा तर खर्चाची बाजू ठळक आहे. त्याने स्वतःचे, भागीदारांचे आणि सावकारांचे पैसे पाण्यासारखे ओतले. सौंदर्याचा एक अरुंद साचा त्याने लोकांच्या डोळ्यांत भरवला, आणि कष्टकरी नटांच्या रास्त मागणीला विरोध केला. जमेच्या बाजूला त्याने ज्यांवर सर्वाधिक खर्च केला त्यांपैकी काहीच आढळत नाही. जे आढळते त्याला फारसा खर्च आलाच नव्हता. एका कृष्णवर्णीय विनोदी नटाला जागा देण्यास एक ठाम शब्द पुरला. फॅनी ब्राइसचे गाणे एका फाटक्या झग्यात झाले. विल रॉजर्स, कँटर आणि ब्राइस यांचे आवाज पुढे रेडिओवरून घरोघरी पोहोचले, आणि श्रोत्यांना त्यांच्यामागे पडदा कोणता होता याची उणीव कधी भासली नाही. ‘शो बोट’ तर शंभर वर्षांच्या घरात पोहोचूनही रंगभूमीवर येत असते, आणि दर वेळी नव्या पडद्यांनिशी, नव्या पोशाखांत.

नाट्यनिर्माता म्हणून त्याची पारख पुष्कळदा त्याच्या हौसेपेक्षा शहाणी होती. हौस त्याच्याबरोबर संपली. पारखीने जी माणसे आणि जे नाटक निवडले ते मात्र मागे राहिले.